रविवारची चावी

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही—तिच्यापासून तर मुद्दाम लपवलं. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. पण ऐका.

नव्वदच्या दशकातली गोष्ट, ऐरोलीतली. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर सलीमभाई राहायचे, मूळचे अलिबागकडचे. दोन वर्षांसाठी सौदीला नोकरीला निघाले. मागे म्हातारी आई एकटी. तिला आम्ही सगळे खाला म्हणायचो. जाताना त्यांनी आपली जुनी फियाट माझ्यावर सोपवली. दर रविवारी आईकडून चावी घ्यायची, दहा मिनिटं इंजिन चालवायचं, गाडी जरा पुढेमागे करायची. नाहीतर बॅटरी बसते, टायर एकाच जागी दबून चपटे होतात. "चालवता येते ना?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "म्हणजे काय!"

येत नव्हती. जन्मात स्टिअरिंगला हात लावला नव्हता. पण अख्ख्या बिल्डिंगमध्ये गाड्या दोन, त्यातली एक माझ्या ताब्यात—हा मान सोडवतोय कोणाला?

पहिल्या रविवारी चावी फिरवली. गाडी गिअरमध्येच होती. असा हिसका दिला तिने, की खांबावर आदळता आदळता राहिली. मी घाबरून उतरलो, तो पुन्हा कधी चावी फिरवली नाही. मग काय केलं? दर रविवारी खालाकडून चावी आणायचो, बादलीभर पाण्याने गाडी धुवायचो, काचा पुसायचो, चावी परत द्यायचो. वरून कीर्तन, आतून तमाशा. लोक कौतुक करायचे—आणि मी ते करूनही घ्यायचो, बरं का.

खालाची खिडकी पार्किंगकडेच उघडायची. एवढं साधं माझ्या डोक्यात कसं आलं नाही? त्या पहिल्या हिसक्यानंतर दोन वर्षांत तिने इंजिनाचा आवाज ऐकलाच नव्हता.

सलीमभाई परतले. गाडी ढिम्म. टायर बसलेले, उंदरांनी वायरी कुरतडलेल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खरं बोलणार होतो—खरंच बोलणार होतो का? देव जाणे. तेवढ्यात दारातून खाला म्हणाली, "त्याला काय बगतोस? चावी मीच दिली नाय. गाडी ठोकली तर, म्हनून भ्या वाटला."

सलीमभाई चारचौघांत आईवर भडकले. एवढंसं काम तुला जमलं नाही, म्हणाले. ती मान खाली घालून ऐकत राहिली. वाटीभर साखर उसनी नेली तर शीग लावून परत करणारी बाई ती—माझ्यासारख्या बढाईखोरासाठी पोटच्या मुलाशी खोटं बोलली! केवढं मोठं मन असेल हो? आजही आठवलं की मी थक्क होतो, आणि स्वतःची किळस येते.

मग तिने मला आत बोलावलं, चहा दिला. बाहेर सलीमभाईंचं तिच्या नावाने चालूच होतं. मी एक शब्द बोललो असतो तर ते थांबले असते. मी चहा संपवला आणि घरी आलो.