मोडायसाठी केलेली दांडी

पोळ्याआधी बैलांचे खांदे मळतात, त्या खांदमळणीच्या आदल्या दिवशी मी दारात ज्वारी निवडत बसले होते. आमच्या पाथरीच्या गल्लीत फोन एकच, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात. कोणाचा फोन आला की दुकानदार तिथूनच हाक मारतात. त्या दिवशी ते स्वतः चालत आले आणि दारात उभे राहिले. म्हणाले, ताई, राणीसावरगावहून फोन होता, तुमचे भाऊ सकाळी वारले. मी “बरं” म्हणाले. खरंच तेवढंच म्हणाले आणि सुपातला खडा उचलून बाजूला टाकला. मग दुसरा टाकला. ते बिचारे तसेच उभे. मी आत गेले आणि भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतत राहिले. पाय भिजले तेव्हा कळलं की आपण काय करतोय... आणि का करतोय ते तर अजूनही नीट कळलेलं नाही.

आठच दिवसांपूर्वी दादा येऊन गेला होता. पोळपाटाचा एक पाय हलत होता तो बसवून दिला, माझ्या हातची अंबाडीची भाजी मागून घेतली, आणि निघताना जीपच्या मागच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, “पोळा झाला की ये. सुमीला आण.” सुमी म्हणजे माझी लेक सुमन. त्याला साधा ताप आलेला मला आठवत नाही. पहाटे उठून ओसरीत बसला आणि वैनी चहा घेऊन गेली तोवर संपला होता. मान खाली होती, म्हणून तिला वाटलं काम करायलाय.

दादा गावचा सुतार. आमचे वडील लवकर गेले, तेव्हापासून लाकूड तासायचा वाकस त्याच्या हातात. माझं लग्न त्यानंच लावलं आणि सुमनचे बाबा गवंडीकामाला अरबस्तानात गेले तेव्हा मला आणि सुमनला त्यानंच माहेरी आणलं. सुमन तेव्हा पहिलीत होती. ते जाऊन बरेच दिवस झाले होते, पत्र कधी यायचं, कधी नाही. नामांतराच्या मोर्चांचे दिवस होते, एसटी आज आहे तर उद्या नाही. अशात एक दिवस यांच्याबरोबर काम करणारे परभणीचे एक गृहस्थ सुट्टीवर आले आणि सुमनसाठी एक खोकं देऊन गेले. आत लाल ट्रक. हातात धरायची डबी वेगळी, तिला लांब तार. डबीवरचं बटण दाबलं की ट्रक लांबूनच पळायचा. गावात असलं कोणी पाहिलं नव्हतं. त्या गृहस्थांनी यांचा निरोपही सांगितला. पोरीला म्हणावं, गाडी चालवत राहा, ती बंद पडायच्या आत मी येतो.

मोठ्या माणसानं लेकरासाठी सहज बोललेलं वाक्य. पण सुमननं ते मनात घट्ट धरलं. सकाळी उठली की आधी ट्रक चालवून बघायची, मग तोंड धुवायची.

ट्रक फरशीवर पळण्यासाठी केलेला असावा. आमच्या अंगणात खडे, ढेकळं, शेळ्यांच्या लेंड्या. ट्रकच्या पोटाखाली एक बारीक पांढरी दांडी होती. मोटार फिरली की ती फिरायची आणि ती फिरली की मागची चाकं फिरायची. एक दिवस चाक खड्यात अडकलं, मोटार जोर करत राहिली आणि ती दांडी तुटली. मोटार नुसतीच गुंगुं करत होती, ट्रक जागचा हलेना. सुमन रडली नाही. ती जेवायची बंद झाली. मी ताट पुढे केलं तर म्हणाली, “आता बाबा येणार न्हाईत ना?”

मी ट्रक घेऊन दादापुढे बसले. मी फार कोणाला काही मागत नाही, त्यालाही मागत नव्हते. पण त्या दिवशी म्हणाले, “दादा, एकदाच अशी बसव की परत मोडूच नये.”

त्यानं आधी छत्रीची काडी घातली. ती दुसऱ्याच दिवशी वाकली. मग त्यानं सायकलच्या चाकाची तार आणली, तापवली, दोन्ही टोकं ठोकून आधीच्या दांडीसारखी केली. ओसरीत नांगर, तिफणी दुरुस्तीला घेऊन आलेली माणसं बसलेली असायची. एक म्हातारबा म्हणाले, “सुतार लोखंड ठोकायलाय. मंग आता लोहारानं बाभळी तोडाव्या का?” दादा मान वर न करता म्हणाला, “तोडू द्या की. तुमाला बसायला सावली ऱ्हाणार न्हाई, म्हंजे माझं काम तरी हुईल.”

तारेची दांडी पक्की निघाली. कितीतरी दिवस ट्रक अंगणभर पळत होता. सुमन जेवत होती. मग एकदा उंबऱ्याला ट्रक अडला, सुमनचं बोट बटणावरच राहिलं. दांडीला काही झालं नाही. आतून कडकड आवाज आला. दादानं ट्रक उघडला तर आतलं दातेरी चाक बोडकं झालं होतं... दातांचा नुसता चुरा. दांडी मोडली नाही म्हणून सगळा जोर त्या चाकावर गेला.

दादानं ते चाक बोटांत फिरवून पाहिलं. मग भिंतीला टेकलेल्या जुवाकडे बघत म्हणाला, “जल्मभर शिवळा केल्या अन् हितंच विसरलो.”

जुवाच्या टोकाला, बैलाच्या मानेशेजारी जी उभी खुंटी असते ती शिवळ. जू बाभळीचं असतं, पण दादा शिवळ मुद्दाम हलक्या लाकडाची करायचा. मजबूत कर म्हणून कोणी भांडलं तरी ऐकायचा नाही. बैल ठेचकाळून पडला तर शिवळ मोडावी, मान नाही, असं सांगायचा. नवी शिवळ एका बैठकीत होते. आणि बहिणीनं मागितलं म्हणून त्याच माणसानं न मोडणारी दांडी केली होती.

तसलं चाक कुठे मिळणार? त्यानं म्हशीच्या शिंगाचं केलं. एकेक दात कानशीनं घासून. शेतकऱ्यांची कामं खोळंबली, लोक बोलून गेले, वैनीही बोलली. पहिलं फुटलं, दुसरं फिरेना, तिसरं बसलं. मग दांडी त्यानं शिवळेच्या लाकडाच्या ढलपीतून काढली, बारीक, जवसाच्या तेलात मुरवलेली. सुमननं विचारलं, ही तरी मोडणार नाही ना? तो म्हणाला, “मोडंल की. ही मोडायसाठीच हाय. चाक ऱ्हायलं पायजे. दांडी काय, मामा हाय ना तुझा.”

आणि एका पत्र्याच्या डबीत तसल्या मूठभर दांड्या करून त्यानं तिच्या हातात दिल्या. मोडली की सुमन स्वतःच नवी बसवायची. दर पोळ्याला घरोघरी नव्या शिवळा द्यायचा रिवाज, तेव्हा उरलेल्या ढलप्यांतून तो डबी पुन्हा भरायचा. पुढच्या उन्हाळ्यात सुमनचे बाबा आले. तेव्हा ट्रक चालू होता. सुमननं तो त्यांच्या पायापर्यंत नेऊन थांबवला. दादा ओसरीतून बघत होता आणि मग उगाच रंधा मारायला लागला.

नंतर आम्ही पाथरीला आलो. ट्रक कोनाड्यात गेला, दांड्यांची डबी माहेरीच राहिली. सुमन आता दहावीला आहे. ट्रक चालवून वर्षं झाली.

मी पोचले तेव्हा दादाला अंगणात ठेवलेलं होतं. माणसं शिवळा न्यायला आली होती. त्यांना ठाऊकच नव्हतं. ओसरीत शिवळांच्या जोड्या भिंतीला लावून ठेवलेल्या, प्रत्येक घराची वेगळी. माणसं आपापली जोडी उचलत नव्हती, नुसती उभी होती. मला वाटलं, शिवळ तासता तासताच गेला असेल. लोकही तेच म्हणत होते, मीही तेच धरून चालले होते.

तेराव्याच्या दिवशी वैनीनं ती पत्र्याची डबी माझ्या ओटीत ठेवली. मी उघडली. खाली काळवंडलेल्या जुन्या दांड्या, वर पिवळ्या, ताज्या... तेलाचा वास येत होता. मी म्हणाले, हे कधी केलं? ट्रक तर कोणी चालवत नाही. वैनी म्हणाली, “दर पोळ्याला करायचे. सुमीच्या गाडीची शिवळ म्हणायचे. आमी हसायचो.” मग म्हणाली, “वन्सं, गावाच्या शिवळा आदल्या दिशीच झाल्या होत्या. गेले त्या टायमाला हातात ही होती.” आणि तिनं पदराच्या गाठीतून एक दांडी काढून दिली.

सुमननं ट्रक कोनाड्यातून खाली काढला आहे. दांड्यांची डबी त्याच्या शेजारी आहे. आम्हा दोघींपैकी कोणीच तिला हात लावत नाही. वैनीनं दिलेली तेवढी मी वेगळी ठेवली आहे. एक टोक गोल, गुळगुळीत, बोटाला लागत नाही असं. दुसरं टोक नुसतंच कापलेलं, घासायचं राहून गेलेलं. ती ट्रकमध्ये बसत नाही.