पूर्णिमाची राहिलेली कुस्ती

हिंडलग्याची पूर्णिमा दिवसभर शहरातल्या पतसंस्थेत मान मोडून काम करते. कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण यंदा दसऱ्याआधी ही बाई रोज संध्याकाळी माहेरी येऊन टीव्हीपुढं मांडी ठोकून बसायची. सासर-माहेर एकाच गावात, तेव्हा अडवणार कोण? टीव्हीला जोडलेल्या ज्या छोट्या डब्यावर तिची आई मालुबाई भजनं लावायची, त्याच डब्यावर पूर्णिमाला लहानपणीचा, व्हिडिओ गेमच्या कॅसेटवरचा कुस्तीचा खेळ चालू करायचा होता.

कारण तिचा थोरला भाऊ, नागेंद्र. लहानपणी तो तिच्या हातात दुसरी जॉयस्टिक द्यायचा आणि सांगायचा, लाल लंगोटवाला तुझा. पोरगी जीव तोडून बटणं दाबायची आणि दरवेळी चितपट व्हायची. पूर्णीला काय जमत न्हाय, असं गल्लीभर झालं. पुढं ते मशीन भंगारात द्यायला काढलं, तेव्हा तिनं बघितलं, तर मशीनला दुसऱ्या जॉयस्टिकची वायर जिथं खुपसायची, त्या खाचेवरची प्लास्टिकची पट्टीसुद्धा कुणी काढलेली नव्हती! इतकी वर्षं लाल लंगोटवाल्याला मशीनच खेळवत होतं. नागेंद्र पोट धरून हसला. तिला मात्र ते लई लागलं, आणि का लागू नये?

जुने खेळ चालवणारं ॲप डब्यात घालणं सोपं होतं. पण पेनड्राइव्हवरची खेळाची फाइल त्याला दिसेना. दिसली, तर आवाज रेंगाळत मागून यायला लागला, आणि वरचं बटण दाबलं की पैलवान खाली बसायचा. पूर्णिमा हटली नाही. नव्या आणलेल्या दोन जॉयस्टिकांच्या एकेका बटणाला तिनं नव्यानं काम नेमून दिलं, टीव्हीची सेटिंग उलटीपालटी केली. एकदाचा लाल लंगोटवाला तिच्या बोटानं हलला, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. आता नागेंद्र पुण्याहून दसऱ्याला आला की एकच कुस्ती, पण खरीखुरी. तिला दुसरं काही नको होतं.

खंडेनवमीला सकाळी ती हौसेनं आली आणि दारातच थबकली. पाटावर विळा, खुरपं, कोयता, आदल्या रात्रीच आलेल्या नागेंद्रच्या गाडीची किल्ली, आणि मधोमध तो डबा आणि दोन्ही जॉयस्टिका, हळदीकुंकवानं माखलेल्या.

"एवढी राबलीस त्यावर," मालुबाई म्हणाली. "तुझं हत्यारच न्हवं का ते?"

चिडावं की आईच्या पाया पडावं, तिला कळेना. पूजेला लावलेल्या हत्याराला दसऱ्याचं सोनं लुटून येईपर्यंत हात लावायचा नाही, आणि नागेंद्र तर दसऱ्याच्याच रात्री निघणार. दोन दिवस ती त्या पाटाकडं बघत घरभर फिरली.

दसऱ्याला सगळी सोनं लुटून आली, मालुबाईनं पूजा उचलली, आणि पूर्णिमानं घाईघाईनं डबा जोडला. कुस्ती लागली. तिचा लाल सरसावला, पण नागेंद्रचा निळा जागचा हलेना. नागेंद्रनं बटणं बडवली आणि तिच्याकडं बघितलं. फिट्टंफाट केलीस व्हय, असं तो पडेल आवाजात म्हणाला.

वायर तर तिनं स्वतः जोडली होती. वाकून बघते तो डब्याच्या त्या खाचेत कुंकू गच्च बसलेलं. पडद्यावर निळा दगडासारखा उभा, दोन बटणांत आडवा झाला असता, आणि घरदार बघत होतं. तिनं आपली जॉयस्टिक खाली ठेवली.

"थांब अण्णा. उभ्या खांबाला पाडून मला काय मिळणार?"

जुन्या टूथब्रशानं तिनं कुंकू कोरून काढलं, खाच पुसली, आणि कुस्ती पहिल्यापासून लावली. नागेंद्र लेकाचा काही कच्चा नव्हता. पहिल्याच झटक्याला त्यानं लालला गुडघ्यावर आणलं. पूर्णिमानं ओठ दाबून धरला, निळ्याला अंगावर येऊ दिलं, बगलेतून मागं गेली आणि कंबर धरून असा उचलून टाकला की दोन्ही खांदे जमिनीला टेकले. चितपट! मालुबाईनं शेजारच्या गुणाबाईला खिडकीतूनच ओरडून सांगितलं.

नागेंद्रनं जॉयस्टिक मांडीवर ठेवली. मग खिशात उरलेलं आपट्याचं पान काढून त्यानं दुसऱ्यांदा धाकट्या बहिणीच्या हातावर ठेवलं आणि तिच्या डोक्यावर हात फिरवला. पूर्णिमाला हसू आवरेना आणि रडूही.

तेवढ्यात मालुबाई पदर खोचून पुढं सरकली. मला बी एक डाव दे म्हणाली. नागेंद्र उठला आणि आपली जॉयस्टिक तिच्यापुढं धरली. ती पूर्णिमानं मधेच घेतली. वायर खाचेपर्यंत चाचपली, बटण दाबून पडद्यावरचा निळा हलतो का बघितला, आणि मगच आईच्या हातात दिली.