खव्यासाठी रिकामा केलेला फ्रिज

इकडे हिंदी मुलखात, रांझीत, आमच्या शैलजाला पोरं ‘ट्यूशनवाली दीदी’ म्हणतात. डॉक्टरेट आहे तिची, पण दारावर पाटी लावू देत नाही. मी विनता, तिची वहिनी. लोक विचारतात, “इतकी शिकली, मग नोकरी काहून नाही केली?” ती हसून आत जाते, अन् माझ्या डोक्यात तिडीक उठते. म्हणून एकदाचं सांगूनच टाकते.

सासरे कारखान्यात फिटर, आमचे हे मुरलीधररावही तिथेच. त्या घरातली ही पोट्टी रसायनशास्त्रात संशोधन करून राहिली होती. तिनं एक नवं प्लास्टिक बनवलं होतं, काचेच्या तुकड्यावर सायीसारखं पातळ पसरलेलं, फिकट पिवळं. डोळ्याला न दिसणारा लेसरचा किरण त्यातून गेला की पलीकडे थोडा हिरवा होऊन निघायचा. मला दाखवायला नेलं तेव्हा पांढऱ्या कागदावर मोहरीएवढा हिरवा ठिपका आला, अन् मी “अगं बाई!” म्हणून ओरडलेच.

“हे होतं कसं गं?”

“आतले रेणू आरतीतल्या माणसांसारखे एकाच दिशेला तोंड करून उभे करायचे, वहिनी. काच तापवायची, वरून विजेचा जबर दाब द्यायचा, अन् दाब तसाच ठेवून थंड करायची. मग ते तसेच राहतात.”

“कायमचे?”

“थंडीत ठेवले तर. तापले की जो तो वाट्टेल तिकडे वळतो.”

दुसऱ्यांच्या काचा आठवड्याभरात निकामी व्हायच्या. शैलजानं रंगाचे रेणू प्लास्टिकच्या साखळीलाच जोडून टाकले होते, म्हणून तिच्या काचा फ्रिजमध्ये वर्षभर टिकायच्या. ही जोडणी जमवण्यात तिची पाच वर्षं गेली. दोन स्थळं गेली, तीही त्यातच.

तिचे गाइड म्हणजे विभागप्रमुख भय्यासाहेब. आपलाच मराठी माणूस म्हणून सासूबाईंना केवढा आधार! तोंडी परीक्षा जूनमध्ये ठरली. बाहेरून येणारे परीक्षक दक्षिणेतल्या मोठ्या प्रयोगशाळेचे. त्यांनी फोनवर सांगितलं होतं, “तो हिरवा ठिपका मला डोळ्यांनी बघायचा आहे. दिसला तर माझ्याकडे तुमची नोकरी पक्की.” घरात आम्ही तिची सूटकेससुद्धा काढून पुसून ठेवली होती.

मधे मे महिन्यात भय्यासाहेबांच्या मुलीचं लग्न झालं, इथल्याच गोरखपूर मोहल्ल्यात. आम्ही सगळे गेलो. शैलजा तर पदर खोचून पंगतीत वाढत होती. अंगाची लाही होत होती, तरी खव्याची जिलबी अशी ताजी की काय सांगू! मी तीन खाल्ल्या. कबूल करते, बाप्पा, फार छान होती.

सुट्टीत विभाग बंद होता, किल्ली भय्यासाहेबांकडे. परीक्षेच्या सकाळीच दार उघडलं. मी परीक्षकांच्या नाश्त्याला खव्याची जिलबी अन् समोसे घेऊन सोबत होते. शैलजानं फ्रिज उघडला. आत तिच्या काचांचा डबा नाही, नुसता वेलदोड्याचा वास. शिपाई गणपत मान खाली घालून म्हणाला, “दीदी, साहब ने निकलवाया था. शादी का खोवा रखना था.”

डबा मागच्या टिनाच्या खोलीत सापडला, कपाटावर. सगळा मे तिथे तापला होता.

शैलजानं एकेक काच लावून पाहिली. कागद पांढराच राहिला. “नवीन तयार करते सर, दुपारपर्यंत होईल,” ती म्हणाली, तर लाइट गेली. कटौती चार तासांची, अन् परीक्षकांची गाडी तीनची.

परीक्षक तिच्याकडे बघायला लागले. भय्यासाहेब खाकरले अन् म्हणाले, “शादी-ब्याह का मौसम है साहब. लड़की का ध्यान भटक गया होगा, सँभालकर नहीं रखा.”

चोराच्या उलट्या बोंबा! माझ्या तोंडाशी आलं होतं, पण शैलजानं माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. “वहिनी, गप्प. डिग्रीच्या कागदावर सरांची सही व्हायची आहे.” परीक्षक म्हणाले, कागदावरचं काम चांगलं आहे, डिग्री द्यायला हरकत नाही. नोकरीचं नाव त्यांनी काढलं नाही.

मग नाश्ता. भय्यासाहेबांनी माझ्या डब्यातली जिलबी तोंडात टाकली, चघळली, अन् नाक मुरडलं.

“खवा ताजा नाही, विनताबाई. आमच्या लग्नातली आठवते?”

उत्तर शैलजानं दिलं.

“हो सर. फार छान होती.”

अन् तिनं त्यांच्या ताटलीत आणखी एक वाढली.