ओवीने घातलेले वाटे

शहाणपणा करायला गेले आणि भरल्या घरात कशी तोंडावर पडले, ते सांगते. हसा खुशाल, पण चहा थंड करू नका.

माझी सून रेश्मा दुसऱ्यांदा गरोदर होती. नात ओवी चार वर्षांची, एकटीच म्हणून भलती लाडावलेली. बाळ आलं की ही धिंगाणा घालणार, अशी मुलाला आणि सुनेला धास्ती. मी म्हटलं, "माझ्यावर सोडा."

मी थळच्या बाजारात मासळी विकते. मला दुसरं काय येणार? ओवीला शेजारी बसवलं आणि मांदेलीचे वाटे घालायला शिकवलं. पाटीवर छोटे छोटे ढीग मांडलेले असतात ना, तेच. संध्याकाळी उरेल ते बर्फात.

"हे बघ, आता घरात सगळ्याचे दोन वाटे. एक तुझा, एक बाळाचा. बाळ लहान, म्हणून ताजं, चांगलं असेल ते त्याला. आणि दुसऱ्याच्या वाट्याला हात लावायचा न्हाय."

पोरीने मनावरच घेतलं. बिस्किटं, फ्रॉक, खेळणी, सगळ्याचे वाटे. नवी गाडी बाळाला, चाक मोडलेली स्वतःला. मी बाजारभर कौतुक सांगत फिरले. दोन गिऱ्हाइकं तर ते ऐकून मासळी न घेताच पळाली.

मग बाळ आलं, मुलगा. ओवी रडली नाही, रुसली नाही. तिने फक्त माणसांचेही वाटे घातले. आई-बाबा बाळाचे आणि आजी तिची.

त्या दिवसापासून जेवण माझ्या हातचं, झोप माझ्या कुशीत. रेश्माने जवळ बोलावलं की लांबूनच उत्तर, "तू बाळाची हायस." रेश्मा बिचारी डोळे पुसायची. मला वाईट वाटायचं हो. पण खोटं कशाला बोलू, आतून गुदगुल्याही व्हायच्या. आईला सोडून आजी निवडली पोरीने!

बारशाला घर बायकांनी भरलेलं. नवी साडी नेसून, बाळाला पाळण्यात घालायला मी हात पुढे केले, तोच ओवीने पदर ओढला.

"आजी, तो तुझा न्हाय. तू माझ्या वाट्याची."

"अगं, एकदाच घेते."

"हात लावायचा न्हाय. तूच सांगितलंस."

बाजारात माझ्या शेजारी बसणारी जनाबाई म्हणाली, "काय गं बाई लळा. आजीला सोडत न्हाय पोर."

इथे मी गप्प बसायला हवं होतं की नाही? पण मला चेव चढला. शेवटच्या बाईला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "ओवी, सांग बरं सगळ्यांना, तू मलाच का घेतलंस?"

ओवी शांतपणे म्हणाली, "ताजं बाळाला द्यायचं ना. मग तू उरलीस."

पाळण्याची दोरी धरलेल्या बाईच्या हातून दोरी सुटली, इतकी ती हसली. रेश्माने हसत हसत बाळ माझ्या हातात दिलं आणि ओवीला उचललं. पोरीने आईच्या गळ्याला जी मिठी मारली, ती काही केल्या सोडवेना. किती दिवस दम धरून बसली होती कोण जाणे.

मी बाळाला पाळण्यात ठेवायला वाकले. मागून जनाबाईने हळूच विचारलं, "तुझ्यासाठी बर्फ मागवू का गं?"