फुजैराच्या डोंगरातला काळा दगड

आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदाच पुण्याहून आमच्याकडे आखातात, अल बर्शाला आले आणि दिसेल त्या गोष्टीवर संशय घ्यायला लागले. मॉलमधला बर्फ बघून म्हणाले, "मशीनचा." समुद्रातलं बेट दाखवलं तर, "भराव टाकलाय." एका बागेत सिमेंटचा ज्वालामुखी होता, संध्याकाळी ज्वाळा ओकणारा. बाबा त्याच्या मागच्या बाजूला जाऊन आले. "गॅसची पाइपलाइन आहे," त्यांनी समाधानाने सांगितलं.

म्हणून पुढच्या सुट्टीला नवऱ्याने गाडी फुजैराच्या डोंगरांकडे काढली. उघडेबोडके, काळपट डोंगर. बाबांनी रस्त्याकडेचा एक दगड उचलून नखाने खरवडला.

"हेही आणून टाकलंय का?"

"नो आजोबा, दिस वॉज मॅग्मा," माझी लेक म्हणाली. शाळेत नुकतंच झालं होतं. ती इंग्रजीत सांगत गेली, मी मराठी करत गेले. खोल जमिनीखाली खडक वितळतो. वितळला की आजूबाजूच्या घट्ट खडकापेक्षा हलका होतो, म्हणून फटींतून वर सरकतो. वर येईल तसा दाब कमी होतो आणि आत विरघळलेल्या वायूचे बुडबुडे सुटतात, सोड्याची बाटली उघडल्यावर सुटतात तसे. तेच त्याला ज्वालामुखीच्या तोंडातून बाहेर उसळवतात.

"हा मात्र बाहेर आलाच नाही," नवरा म्हणाला. "समुद्राच्या तळाखाली अडकला आणि सावकाश थंड झाला. म्हणून कण मोठे. पुढे तो तळच जमिनीवर ढकलला गेला."

बाबांनी दगड उन्हात धरला. "आपल्या सह्याद्रीत लाव्हा वर येऊन थिजला. तिथला दगड बारीक कणांचा." मग दगड खाली ठेवून माझ्याकडे बघत म्हणाले, "हा खरा आहे. आता तूही खरं सांग. मला इथेच ठेवून घ्यायचं चाललंय ना? परतीचं तिकीट अजून दाखवलं नाहीस."

नवरा उगाचच गाडीच्या टायरकडे बघायला लागला. तिकीट काढलंच नव्हतं.

"विचार होता," मी म्हटलं. "तिकडे एकटे असता, काळजी वाटते."

"मग विचारायचं. नुसतं फिरवत काय बसायचं?"

घरी आल्यावर बाबांसमोर बसून तिकीट काढलं, आणि दर थंडीत यायचं त्यांनी आपणहून कबूल केलं. तसे ते येतातही. फक्त परतीचं तिकीट पुण्याहूनच काढून आणतात.