गोलमागचे सासरे

जावयाला अहो-जाहो करत हैराण करणारा सासरा अख्ख्या खानदेशात एकच आहे आणि तो माझ्या वाट्याला आला आहे. माणूस मूळचा साक्रीकडचा, नोकरी केली भुसावळला रेल्वेत, आणि जीव गुंतला तिथल्या कॉलनीच्या फुटबॉल संघात. हा संघ हरण्यात इतका तरबेज, की त्याला धरून राहायला वाघाचं काळीज हवं. आमच्या लग्नाची तारीख काढताना भटजींनी पंचांग उघडलं, तर सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, सामन्यांचं वेळापत्रक. मला बघायला आले तेव्हा पगाराचं नावसुद्धा काढलं नाही. "खेळता का काही?" एवढंच विचारलं. धुळ्याच्या संघाचा गोलकीपर आहे म्हटल्यावर पोह्यांची बशी खाली ठेवली आणि माझ्या मामांना म्हणाले, "पोऱ्या बेस शे, पन टीम बेकार शे." लग्न ठरलं.

मैदानावर त्यांची जागा समोरच्या संघाच्या गोलमागे. गोलकीपरला हैराण करणं हे आपलंच खातं, अशी त्यांची समजूत. इतरांच्या सात पिढ्या उद्धरतात, पण मी उभा असलो की पंचाईत. जावयाला अरे-तुरे कसं करणार? मग जाळीमागून आर्जवी आवाज येतो, "जवाईबापू, आते तरी एक जाऊ द्या ना! जराखा डोया मिटा ना!" मध्यंतरात मात्र सावद्याची केळी घेऊन हजर. मी दोन खाल्ल्याशिवाय हलत नाहीत. शिटी वाजली की पुन्हा वैरी.

त्यांना आयुष्यात एकच गोष्ट बघायची होती: कॉलनीच्या संघानं जिंकलेला कप. गेल्या हिवाळ्यात अंतिम सामना आमच्याशीच पडला. शेवटपर्यंत गोल नाही आणि अगदी अखेरीस भुसावळला पेनल्टी मिळाली. पेनल्टी आबांना बघवत नाही, ते पाठ फिरवून उभे राहतात. तसेच राहिले. मी जीव खाऊन उजवीकडे झेप घेतली, चेंडू डावीकडून गेला. एका गोलनं हरलो.

कॉलनी नाचत सुटली. आबा वळले, मला धुळीत पडलेलं पाहिलं आणि जाळीला धरून हळूच म्हणाले, "खरं सांगा, तुमीन मुद्दाम सोडा ना?"

"नाही हो आबा. मुद्दाम नाही सोडला. आईशप्पथ!"

पटलं नाही. पटणार कसं? कप खरा मानावा तर जावई कच्चा ठरतो. जावई पक्का मानावा तर कप खोटा ठरतो. बरेच दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही, असं सासूबाई सांगत होत्या.

मग एकदा मेहुण्याकडून कळलं. कॉलनीतल्या चहाच्या टपरीवर पोरांनी चिडवलं, "आबा, तुमचा जावई म्हणजे चाळणी निघाला!" आबा ताडकन उठले. "मना जवाईनी सोडा म्हनीसन तुमले कप भेटना!" जावयानं गोल सोडला म्हणूनच कप मिळाला, असं सुनावलं आणि चहा अर्धा टाकून घरी निघून गेले.

ही गोष्ट धुळ्यापर्यंत आली आणि आता आमच्या संघातली पोरं माझ्याकडे फितूर म्हणून बघतात. खरं तर मी चिडायला हवं होतं. पण माझं मन भरून आलं. ज्या कपासाठी या माणसानं जन्मभर उन्हात उभं राहून घसा फोडला, तो हाती आला तेव्हा माझी लाज राखायला त्यानं तो खोटा ठरवला.