आत्याचं लुगडं आणि तडकलेला ब्लॉक

आत्याच्या अंत्यविधीला आम्ही पाच तास उशिरा पोहोचलो, आणि आम्ही येईपर्यंत तिला उचलता येत नव्हतं. सवाष्ण बाई गेली की अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं, तेही भावाच्या हातचं, ही आमच्याकडची रीत. आत्या गेली सोनाळ्याला, माहेर दुसरबीडला, आणि मध्ये मी होतो.

बाबांची पाठ कामातून गेलेली. त्यांना बसवत नाही, झोपवूनच न्यावं लागतं. शेजारी म्हणाले, ॲम्ब्युलन्स बोलावू. मी ताठ मानेने नाही म्हटलं, कारण निवृत्तीनंतर एका जुनाट व्हॅनमध्ये पलंग, शेगडी आणि पाण्याचा माठ बसवून मी फिरतं घर केलं होतं. (गाव तिला 'मास्तरची शववाहिका' म्हणायचं. त्या दिवशी कोणी म्हणालं नाही.) बायकोने हिरवं लुगडं आणि ओटीचं सामान मांडीवर घेतलं आणि आम्ही निघालो.

खामगावच्या अलीकडे चढावर इंजिन तापलं आणि वाफेने समोरचं दिसेना. बाबांनी तीस वर्षं ट्रक चालवलेला. ते पलंगावरून म्हणाले, “थंडं पानी ओतू नको. घडीभर निवू दे.”

तापलेल्या वस्तूवर गार पाणी पडलं की ती तडकते, हे मी आयुष्यभर आठवीच्या पोरांना शिकवलं. दरवर्षी वर्गात एक काचेचा पेला फोडून दाखवायचो! पण तिकडे आत्या अंगणात, इकडे आतेभावाचा फोनवर फोन. मी माठ उचलला आणि भसकन ओतला. आत 'कट्ट' झालं. बाबांनी डोळे मिटून घेतले. ते दोन शिव्या देते तर बरं वाटलं असतं.

आतेभावाला मी सांगितलं, पोहोचतोच. मग येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मदतीने गाडी ढकलत एका मिस्त्रीच्या टपरीपर्यंत नेली. त्याने खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, “इंजनाच्या ब्लॉकले चीर गेली काका. इंजन उतरवून टाके घाला लागते. आठ रोज.”

मी म्हटलं, माणूस आठ दिवस ठेवता येत नाही. आता मीच ॲम्ब्युलन्सला फोन केला, तर ती पेशंट घेऊन अकोल्याला गेलेली. मिस्त्री भला माणूस. मोटारसायकलवर लुगडं पोहोचवतो म्हणाला. बाबांनी लुगड्याची पिशवी छातीशी धरली. “बहीण माही हाय. लुगडं मीच घालीन.”

मग मिस्त्रीने हळद आहे का विचारलं. रेडिएटरमध्ये हळद टाकली की ती फुगून चिरेत बसते, ड्रायव्हर लोकांचा जुना इलाज. आमच्या फिरत्या स्वयंपाकघरात हळद सोडून सगळं होतं. बायकोने ओटीच्या सामानातली पुडी काढली.

“काऊन हो, हे बाईच्या कपायाले लावाले आनली ना मी?” ती म्हणाली आणि रडायला लागली. आत्याने तिला लग्नात पहिली हळद लावली होती. तिने चिमूटभर कागदात बांधून ठेवली, बाकी इंजिनाला वाहिली.

गाडी चालू झाली, पण दर दोन मैलांवर थांबून पाणी पाजावं लागे. (आता कोमट. अक्कल आली होती.) पिवळं पाणी रस्त्यावर ठिबकत होतं. आतेभावाला मी पाच वेळा 'पोहोचतोच' म्हणालो. सहाव्यांदा त्याने फोन उचलला नाही.

सोनाळ्यात सगळं गाव उन्हात ताटकळत बसलं होतं. बाबांना उतरवता येईना, म्हणून आत्यालाच व्हॅनच्या दाराशी आणलं. पलंगावरून हात लांबवून त्यांनी तिच्यावर लुगडं पसरलं. बायकोने चिमूटभर हळद लावली. बाबा म्हणाले, “बाई, लय वेळ केला मी.” मला ते ऐकवेना.

मग आतेभाऊ पुढे आला. चेहरा असा की आता माझ्या कानाखाली बसणार. त्याने एवढंच विचारलं, “एवढा उशीर?”

मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलले, “माही पाठ दुखे. मीच त्याले म्हटलं, हळू चाल.”

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. खरं सांगायची हीच वेळ होती. मी घसा साफ केला, मास्तरकीचा सगळा आव आणला आणि म्हणालो, “हो ना, बाबांना धक्के सोसत नाहीत.”